पावती फाडली की माघार नाही

"सर, तुमचं बुकिंग रद्द झालेलं आहे. तुम्हाला दिसलेला दर चुकीचा होता," फोनवरची मुलगी म्हणाली.

"मला दिसलेला चुकीचा होता, की तुम्ही दाखवलेला?"

"सर, दर चुकीचा दिसत होता."

"दिसत होता म्हणजे काय? भूत आहे का ते? कुणीतरी दाखवला म्हणूनच दिसला ना?"

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, सर."

समोर पलंगावर माझी बायको शैला दोन स्वेटरांच्या घड्या घालत होती. मे महिना, कराड, दुपारचे दोन. स्वेटर मागितल्यावर दुकानदारानं आधी "घरात कुणी आजारी आहे का?" म्हणून विचारलं होतं आणि मग माळ्यावर चढून खोका काढला होता. शैलानं माझ्याकडे बघितलं, हातातला स्वेटर तसाच अर्धवट घडीत ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. मी बघतो," मी म्हणालो. बावीस वर्षं मी तिला हेच सांगत आलो होतो.

आमचं तोडकर मंगल कार्यालय. लोकांना सुट्टी असते तेव्हा आमचा हंगाम असतो आणि हंगाम संपला की कार्यालयाची डागडुजी निघते. लग्न झाल्यावर आम्ही फिरायला उटीला जाणार होतो, तसा शब्दच मी तिला दिला होता. पण त्याच महिन्यात वडिलांनी कार्यालयाचा पाया खणला आणि माझी उटी त्या पायात गेली. बावीस वर्षांनी, त्या वर्षी मात्र योग आला होता. ज्येष्ठ महिना अधिक आला होता. अधिक महिन्यात कुणी लग्न करत नाही, म्हणजे ऐन मेच्या मध्यापासून तेरा जूनपर्यंत कार्यालयाला कुलूप. असा अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि तोही दर वेळी उन्हाळ्यात येईल याची खात्री नाही.

मी हॉटेल बुकिंगच्या एका साइटवर उटीची हॉटेलं बघत होतो. एका हॉटेलवर माझी नजर अडकली. चहाच्या मळ्यातलं हॉटेल, खोलीला सज्जा, सज्जात वेताच्या खुर्च्या. बाकी सगळीकडे अशा खोलीला दहा-बारा हजार, आणि इथे साडेअकराशे. कुणीतरी एक शून्य खाल्लं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, आज इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? भाव चुकीचा लागलाय हे मला स्वच्छ दिसत होतं आणि म्हणूनच, कुणी दुरुस्त करायच्या आत, मी घाईघाईनं बटण दाबलं. पैसे गेले, पावती आली. मग मी ती पावती अर्ध्या कराडला दाखवली. भाव कसा करावा हे आमच्याकडून शिका, असंही दोघातिघांना ऐकवलं.

"दुसरी खोली बघा की," शैला म्हणाली. "साधी असली तरी चालंल. तिकिटं काढलेली हायत."

"पैशाचा प्रश्न नाही गं. तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला उटी कशाला लागती? ते कराडात पण राहतंय."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी कागद काढला होता.

तहसील कचेरीसमोर हणमंत येवल्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. एक यंत्र, एक संगणक आणि स्वतः येवले. सातबारापासून सोडचिठ्ठीपर्यंत तालुक्याची सगळी गाऱ्हाणी त्यांच्याच बोटांखालून जातात. मी सांगत गेलो आणि ते टाइप करत गेले.

"महोदय, चूक तुमची आणि भुर्दंड माझा, हा कुठल्या गावचा न्याय? दर तुम्ही सांगितला, पैसे तुम्ही घेतले, पावती तुम्ही दिली. त्या पावतीच्या भरवशावर मी पाहुण्यारावळ्यांत जाहीर करून बसलो. पैसे परत केल्यानं पैशांची भरपाई होते, शब्दाची होत नाही. मी स्वतः बावीस वर्षं मंगल कार्यालय चालवतो. पावती फाडली की माघार नाही, हा आमचा रिवाज आहे. तरी त्याच तारखांना, त्याच तोलाची जागा, त्याच दरात मिळावी. आपला, त्रस्त ग्राहक."

येवल्यांनी टाइप करणं थांबवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, काय लिवलंय ओ! वीस वर्षं अर्ज टाइप करतोय, असा अर्ज नाही बघितला. 'शब्दाची होत नाही.' वा!"

मी खूश. एवढ्यात त्यांनी चाचरत विचारलं, "साहेब, एक काम होतं. तेवीस जूनला कार्यालय मोकळं हाय का? आमच्या मनीचं..."

"तारीख कळली, बाकीचं नंतर सांगा," मी म्हणालो, कारण माझं निम्मं लक्ष पत्रात होतं. मी पिशवीतली डायरी उघडली. दर वर्षी नवीन पंचांग आलं की मी डायरीत मुहूर्त नसलेल्या दिवसांवर निळ्या पेन्सिलीनं रेघ मारतो. त्या दिवसांना बारसं, डोहाळजेवण, नाहीतर साड्यांचा सेल. दर अठरा हजार. मुहूर्ताच्या दिवसाला नव्वद. तेवीस जूनवर निळी रेघ होती. मी तिथेच पावती फाडली, अठरा हजार लिहिले आणि सही ठोकली.

येवल्यांनी पावती वाचली. मग एकदम माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पत्राचा परिणाम. त्यांनी गल्ल्यातून आगाऊ रक्कम काढून दिली आणि त्या दिवशी टाइपिंगचे पैसेही घेतले नाहीत.

साइटचं उत्तर दोन दिवसांत आलं. त्यांना माझ्या भावना समजत होत्या. गैरसोयीबद्दल ते दिलगीर होते. नियम क्रमांक अमुकप्रमाणे उघड चुकीचा दर रद्द करण्याचा त्यांना अधिकार होता. तरीही सदिच्छा म्हणून ते मला पाचशे रुपयांचं कूपन देत होते. ते पंधरा दिवसांत वापरायचं होतं, फक्त पंचवीस हजारांवरच्या खरेदीला, आणि उटी सोडून.

मग मी पेटलो. रोज सकाळी आंघोळ झाली की फोन लावायचा. मराठीसाठी तीन दाबा. पहिल्या दिवशी रिया, दुसऱ्या दिवशी सिया, तिसऱ्या दिवशी जिया, आणि दिलगिरी तिघींची शब्दाशब्दाला सारखी. दुपारी येवल्यांकडे स्मरणपत्र. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दिवसभराचा वृत्तान्त. तिथे एकदा तर माझं 'ग्राहकाचे हक्क' या विषयावर भाषण झालं, शाल-नारळ मिळाला. पत्राला मागणी इतकी वाढली की येवल्यांनी त्याचा गठ्ठाच काढून काउंटरवर ठेवला. कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाचं बियाणं उगवलं नाही, की माणूस यायचा आणि म्हणायचा, "ते तोडकर साहेबांचं द्या."

या धामधुमीत रेल्वेच्या तिकिटांची तारीख उलटून गेली. शैलानं स्वेटर कपाटात ठेवले. अधिक महिन्याचे पंधरा दिवस संपले, मग अठरा. एकदा जेवताना ती म्हणाली, "आता दहाच दिवस ऱ्हायले."

"अगं, ते टेकीला आलेत. कालची सिया म्हणत होती, वरिष्ठांकडे पाठवलंय."

"वरिष्ठांनाच घेऊन जावा मग उटीला," ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.

चार जूनला एक ठेकेदार गाडीतून उतरले. मुलीचं लग्न जमलं होतं आणि तेवीस जून हवा होता. मांडव, जेवण, फुलं, सगळं आमच्याकडूनच. नव्वदच्या वर काय ते सांगा, म्हणाले.

मी हसलो. "अहो, त्या दिवशी मुहूर्तच नाही."

"भटजींनी तर पहिल्या नंबरचा म्हणून सांगितलाय. बाकी सगळी कार्यालयं भरलीत त्या दिवशी."

मी पंचांग उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या वर्षी ज्येष्ठ दोन होते. पहिला अधिक, दुसरा खरा. पहिल्यात एकही मुहूर्त नाही आणि दुसऱ्यात ताटकळलेल्या सगळ्या लग्नांची झुंबड. मी जानेवारीत ज्येष्ठ म्हटल्यावर निळी पेन्सिल घेतली होती आणि दोन्ही ज्येष्ठांवर सारखीच फिरवली होती. आता आठवलं, मध्यंतरी दोन पार्ट्यांना मी फोनवर ठणकावून सांगितलं होतं की त्या तारखांना मुहूर्त नसतो, तुमच्या भटजींना पुन्हा विचारा. त्या बिचाऱ्यांनी भटजी बदलला नाही, कार्यालय बदललं.

आणि तेवीस जून मी येवल्यांना अठरा हजारांत देऊन बसलो होतो.

ठेकेदारांना उद्या सांगतो म्हणालो. समोर जाऊन येवल्यांशी बोलायला हवं होतं, पण पाय उचलेना. मग मी व्हॉट्सॲपवर निरोप लिहिला. "श्री. येवले, आपल्या पावतीवरील दर नजरचुकीनं लागला असल्यानं तेवीस जूनचं बुकिंग रद्द करण्यात येत आहे. आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल. पुढील कार्यास पाच टक्के सवलत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." वाचून बघितला. मला तो चांगला मुद्देसूद वाटला. या भाषेशी आपली ओळख कुठली, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येवले कार्यालयात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खाकी पाकीट. नेहमी खुर्ची ओढून बसणारा माणूस, त्या दिवशी बसा म्हणेपर्यंत उभा राहिला.

"टाइप करून आणलंय," ते म्हणाले. "तोंडानं बोलायला मला जमत नाही, साहेब."

मी पाकीट फोडलं. "महोदय, चूक तुमची आणि भुर्दंड माझा, हा कुठल्या गावचा न्याय? दर तुम्ही सांगितला, पैसे तुम्ही घेतले, पावती तुम्ही दिली..."

मी मान वर केली. येवले खिडकीकडे बघत होते.

"नावं तेवढी बदलली," ते म्हणाले. "आणि 'मी चालवतो'च्या जागी 'आपण चालवता' केलं. बाकी सगळं तसंच हाय. सुधारायला कायच नव्हतं त्यात."

"येवले, माझं प्रकरण वेगळं आहे. ती मोठी कंपनी आहे. माझी साधी नजरचूक."

"त्यांची पण नजरचूकच होती न्हवं?"

"अहो, पण नव्वद हजारांचा दिवस अठरामध्ये! तुम्हाला तरी हा भाव खरा वाटला का?"

येवल्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम कमी लावला. मी त्या दिवशी सवलत मागायलाच तोंड उघडलं होतं आणि तुम्ही बोलूच दिलं नाही. 'बाकीचं नंतर सांगा' म्हणालात आणि अठरा लिवलेत. मला वाटलं, माणसाची लाज राखायची म्हणून मागूसुद्धा दिलं नाही." ते थांबले. "व्याह्यांना तसंच सांगितलंय मी. पत्रिका छापून झाल्या. त्या दिवशी गावात दुसरं कार्यालय मोकळं नाही, मी सगळी फिरून आलो."

सरळ माफी मागायला हवी होती. तरी सवय वाईट. तोंडातून निघालंच, "तुमची गैरसोय मी समजू शकतो..."

"साहेब, तेवढं नका म्हणू," येवले म्हणाले आणि त्यांनी खिशातून दुसरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे पण तुमचंच हाय. वैनींनी टाइप करून घेतलं. तुम्हाला देतो म्हणालो होतो, चार दिवस धीर झाला नाही."

दुसरं पत्रही तिथूनच सुरू होत होतं. "महोदय, चूक तुमची आणि भुर्दंड माझा, हा कुठल्या गावचा न्याय? शब्द तुम्ही दिला, तारीख तुम्ही काढली, स्वेटर मी घेतले. त्या भरवशावर मी माहेरी सांगून बसले. मी स्वतः बावीस वर्षं मंगल कार्यालय चालवते..."

या ओळीपाशी मी थबकलो. हे खरं होतं. भटारखान्याची किल्ली तिच्याकडे, भांड्यांची मोजदाद तिच्याकडे, रुसलेल्या वरमायांची समजूतही तिनंच काढायची. मी पावत्या फाडतो. एवढंच माझं काम, आणि ते मी कसं केलं होतं ते समोरच बसलं होतं.

शेवटी लिहिलं होतं, "अधिक महिना तेरा तारखेला संपतो. तरी त्याआधी, कुठल्याही तोलाची जागा, कुठल्याही दरात मिळावी. आपली, त्रस्त ग्राहक."

खूप शरम वाटली. चीड आली ती स्वतःचीच. साइटला दोष देता देता मी तिच्याहून निगरगट्ट झालो होतो. तिनं निदान दोन दिवसांत उत्तर तरी दिलं होतं, इथे बायको बावीस वर्षं वरिष्ठांच्या उत्तराची वाट बघत होती.

मी येवल्यांसमोरच ठेकेदारांना फोन लावला आणि तारीख गेलेली आहे असं सांगितलं. ते चिडले, "काल तर मोकळी होती की!" म्हणाले. मी म्हणालो, "नाही, मेपासूनच गेलेली आहे. पावती फाडलेली आहे." फोन ठेवला. येवल्यांनी मान हलवली, पण माझा हात काही धरला नाही. निरोप पाठवायच्या आधी त्यांनी धरला होता तो हात मला राहून राहून आठवत राहिला.

दोन दिवसांनी आम्ही रात्रीच्या बसनं निघालो. बंगळूरला बस बदलून उटीत पोचलो. हॉटेल तेच, चहाच्या मळ्यातलं. काउंटरवरच्या माणसानं साडेअकरा हजार सांगितले, तर शैला मला म्हणाली, "परत एकदा इचारा. चुकून कमी तर सांगत नाहीत ना? नायतर सज्जात बसल्या बसल्या तुम्ही पत्र लिवाल."

तीन दिवस ती स्वेटर घालून वेताच्या खुर्चीत बसून होती. काहीही बघायला चल म्हटलं तरी उठायची नाही. "बघितलं की," म्हणायची. "बसायलाच आले मी." माझ्यावरचा राग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला असावा, कारण तेव्हा तिनं माझ्या कपातला उरलेला चहा न विचारता पिऊन टाकला.

साइटशी माझा पत्रव्यवहार पुढं वर्षभर चालला. शेवटी कूपन पाचशेचं साडेसातशे झालं. ते अजून वापरायचं आहे.

तेवीस जूनला मनीचं लग्न झालं. मी आणि शैलानं उभं राहून सगळं केलं. जेवणावळी उठता उठता येवल्यांनी माइक हातात घेतला. सगळं कराड समोर बसलेलं होतं, कट्ट्यावरचे म्हातारे तर पहिल्या रांगेत. आता हा माणूस ती दोन पत्रं वाचून दाखवतो की काय, असं वाटून मी दाराकडे बघून ठेवलं.

"मंडळी," येवले म्हणाले, "तोडकर साहेबांचे आभार मानायचे हायत. मुहूर्ताचा पहिल्या नंबरचा दिवस. नव्वद हजार देणारी पार्टी दारात उभी होती. पण साहेबांनी गरिबाचं कार्य घरचं मानलं आणि अठरा हजारांत दिलं. पावती फाडली की माघार नाही, असा रिवाज हाय या कार्यालयाचा. असा माणूस मिळत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याही उठून उभे राहिले. सगळं ठाऊक असलेला तो माणूस माइक धरून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधूनही सापडत नव्हता. शैला माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "काय हो, दर चुकीचा दिसतोय. रद्द करायचा का?"

टाळ्या चालूच होत्या. माझा भाव चुकून जास्त लागलाय, हे मला स्वच्छ दिसत होतं. कुणी दुरुस्त करायच्या आत मी घाईघाईनं हात जोडले.